दहाची बैठक

सुरतच्या लिंबायतमध्ये लोटू सैंदाणे यांना सगळे नाना म्हणतात. सत्तरी ओलांडली तरी त्यांची पाठ ताठ आहे. मागून कोणी हाक मारली तर ते नुसती मान वळवत नाहीत, अख्खे वळतात. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातून अठराव्या वर्षी ते मराठा पलटणीत भरती झाले आणि हवालदार होऊन घरी आले. पण गावात त्यांचा जीव रमला नाही. मेहुणा सुरतला लूमवर होता, त्यानं बोलावून घेतलं आणि एका कापड मार्केटच्या गेटवर कामाला लावलं. त्या गेटवर नानांनी पलटणीपेक्षा जास्त वर्षं काढली, तरी त्या नोकरीबद्दल ते कधी बोलत नाहीत. बोलले तर पलटणीबद्दल बोलतात, आणि तेही एकाच कामाबद्दल.

पलटणीत नाना कंपनीचे रनर होते. रनर म्हणजे निरोप्या. बर्फात टेलिफोनची तार तुटली, वायरलेस मुका झाला, की साहेबांचा निरोप तोंडपाठ करून एका चौकीवरून दुसऱ्या चौकीवर जायचं. पदकांबद्दल कोणी विचारलं तर नाना हात झटकतात, "ती सगळ्यांनाच मिळतात." निरोपांचा विषय निघाला की मात्र खुर्चीत पुढं सरकतात.

"माझा निरोप कधी उशिरा पोचला नाही. एकदाही नाही. लवकर पोचला असेल, उशिरा नाही."

म्हणूनच खानदेश माजी सैनिक मंडळात निरोपाचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. मंडळाची खोली सोसायटीच्या ऑफिसवर, पहिल्या मजल्यावर. खाली गल्लीच्या तोंडाशी चहाची लारी, म्हणजे हातगाडी. खोलीत एक लोखंडी कपाट, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि भिंतीवर गेलेल्या सभासदांचे फोटो. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंडा लावायचा, नोव्हेंबरात हयातीचे दाखले करून द्यायचे, एखादा फौजी गेला तर त्याच्या बायकोचं पेन्शन सुरू होईपर्यंत तिच्यामागं उभं राहायचं, हे मंडळाचं काम. एके काळी बैठकीला इतकी माणसं येत की जिन्यात चपला मावत नसत. आता फोटोंची रांग खुर्च्यांच्या रांगेपेक्षा लांब झाली होती.

अध्यक्ष होते सुभेदार भगवान बोरसे. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढताना मध्ये थांबावं लागे, पण कोणी हात पुढं केला तर ते घेत नसत. चिटणीस निंबा अहिरराव. ते फौजेत क्लार्क होते, म्हणून अजून सगळे त्यांना निंबाबाबू म्हणत. खोलीची चावी त्यांच्या कमरेला असे.

श्रावणातल्या बैठकीत सुभेदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं.

"दिवाळीनंतर मी मुलीकडं नाशिकला राहायला जाणार. सोसायटीला ही खोली ट्यूशनच्या क्लासला द्यायची आहे, ते विचारतायत. पुढच्या बैठकीला एखादा तरुण उभा राहिला तर ठीक. नाहीतर मंडळ बंद करू. रडतखडत चालवण्यात काही शोभा नाही."

"तरुण येतील कुठून, साब?" निंबाबाबू म्हणाले. "डिंडोलीत काय, सचिन गावात काय, आपल्याकडचे किती नवे पेन्शनर झालेत. चाळिशीसुद्धा झाली नाही कोणाची. निरोप देतो आपण, येतं का कोणी?"

"शिस्त गेली," सुभेदार म्हणाले.

 निरोप नाना स्वतः देत, त्यामुळं कोणी आलं नाही की ते त्यांनाच लागे. मागच्या वर्षी त्यांच्याच सूचनेवरून बड्या खान्याचा, म्हणजे फौजेसारख्या एकत्र जेवणाचा, बेत केला होता, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. नव्यांपैकी एकही फिरकला नाही. उरलेल्या बट्ट्या त्यांच्या घरी दोन दिवस पुरल्या.

"या वेळी मी फोन करत नाही," नाना म्हणाले. "घरोघर जातो."

"पायी?" निंबाबाबूंनी विचारलं.

"रनर आहे मी."

"होतास," सुभेदार म्हणाले. पण त्यांनी जाऊ दिलं.

लखन महाले हा फौजेतून नायक होऊन दोन वर्षांपूर्वी सुटला होता. बायको आणि मुलगी घेऊन तो डिंडोलीत राहायचा आणि सचिनच्या एका मिलच्या गेटवर रात्रपाळी करायचा. दुपारी नाना त्याच्या दारात उभे राहिले, तेव्हा दहा वर्षांची मुलगी ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "पप्पा सूई गया छे."

मागून तिची आई आली. नानांनी नाव सांगताच सुषमानं पदराला हात पुसले आणि आतली खुर्ची बाहेर आणून ठेवली.

"बसा. उठवत नाही हां त्यांना, आत्ताच डोळा लागलाय. मंडळाचं आहे ना?"

"हो. त्याला म्हणावं एकदा तरी ये. फौजी माणसानं फौजींमध्ये असावं."

"आले होते की."

"कुठं?"

"मंडळात. रविवारी. ड्यूटीवरून तसेच गेले होते, तोंडसुद्धा न धुता. तीनदा."

नानांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "आला असता तर दिसला असता, बाई. खोली केवढीशी."

आतून खाट करकरली. लखन बनियनवरच बाहेर आला. नानांना पाहून त्याच्या टाचा नकळत जुळल्या आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं.

"नाना, खोली मी बघितलीच नाही अजून. कुलूप बघितलंय."

"कुलूप?"

"तुम्ही फोनवर म्हणालात आठ. मी पावणेआठला हजर. कुलूप. नऊपर्यंत थांबलो. झोपेनं डोळे मिटत होते, घरी आलो. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा म्हटलं, म्हाताऱ्यांनी रगडा लावलाय आपल्याला."

"तसं नाही रे भो."

"फौजेतही लवकर बोलावतात, मान्य. पण तिथं कुलूप नसतं. शिव्या द्यायला तरी कोणी हजर असतं."

सुषमानं तोंडाला पदर लावला. नानांना मात्र हसू आलं नाही. बैठकीच्या सकाळी आपण कुठं असतो, हे त्यांना आठवत होतं. तीन सभासदांना धड दिसत नव्हतं किंवा चालवत नव्हतं. नाना रिक्षा करून एकेकाला घरून उचलत, जिन्यावरून चढवत, आणि सगळे स्थिरस्थावर होईपर्यंत दहा वाजून जात.

"मग परत आला नाहीस," नाना म्हणाले.

"येतो ना," लखन म्हणाला. "दर बैठकीच्या रविवारी येतो. तुमच्या खाली ती चहाची लारी आहे ना, तिथं. कुलपासमोर एक कतारगामचा भेटला होता, हिऱ्याच्या कारखान्यावर गेटला असतो. तुम्हीच बोलावलेला. एक पर्वत पाटियाचा होता. म्हटलं, आलोच आहोत तर चहा घेऊ. मग पुढच्या वेळी कोणी आणखी एकाला आणलं. आता आठला जमतो आणि साडेनऊला पांगतो. कोणाचं पेन्शन अडलंय, कोणाला कुठं नोकरी आहे, सगळं तिथंच होतं."

"आमच्या खाली?"

"तुमच्या बरोब्बर खाली."

नानांनी पाणी मागितलं. सुषमानं तांब्या दिला आणि उभ्यानंच बोलली, "एक विचारू, नाना? राग नका मानू. ही भागीरथीमावशी आमच्या पलीकडच्या गल्लीत राहते. तिचा नवरा होता तोवर तिला तुमचं मंडळ ठाऊकसुद्धा नव्हतं. तो गेला आणि चार जण टोप्या घालून दारात आले. तुमचं मंडळ नवरा मेल्याशिवाय बाईला बोलावत नाही का?"

"सुषमा," लखन म्हणाला.

"विचारू द्या की. खोटं आहे का?"

 नियम असा कुठं नव्हता, पण नवरा असेपर्यंत बायका येत नसत हे खरं होतं. नानांची स्वतःची बायको शोभाबाई तो जिना एकदाही चढली नव्हती.

तिथून नाना घरी न जाता थेट सुभेदारांच्या ओट्यावर गेले. निंबाबाबू तिथं पेपर वाचत बसले होते.

"साब, मागच्या बैठकीचा टाइम काय होता?"

"दहा. नेहमी दहाच असतो."

"निंबाबाबूला काय सांगितलं होतं?"

"साडेनऊ. लोक सावकाश येतात."

नाना निंबाबाबूंकडं वळले, अख्खे वळले.

"मला साडेनऊ कळलं, म्हणून मी तुला नऊ सांगितलं," निंबाबाबू म्हणाले. "थोडी जागा ठेवावी लागते. फौजेत कर्नलसाहेब दहा म्हणाले की जवान सहाला मैदानात उभा. तू काय नवा आहेस?"

"आणि तू पुढं काय सांगितलंस?" सुभेदारांनी नानांना विचारलं.

"जुन्यांना नऊच."

"जुने निरोपावर येतातच कुठं? गॅलरीतून माझी स्कूटर दिसली की निघतात. नव्यांना काय सांगितलंस?"

नानांनी चपलेचा अंगठा उगाच दाबून बघितला. "आठ."

"आठ!"

"पोरं आहेत, साब. तासभर इकडंतिकडं करतील, असं वाटलं."

"मग?"

"पावणेआठला येऊन उभी राहायची."

 निंबाबाबूंच्या तोंडून निघून गेलं, "फौजी आहेत ना!" आणि त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. सुभेदारांनी त्यांच्याकडं डोळे वटारले, पण ते फार वेळ टिकले नाहीत. आतून चहा आला. लारीची हकीकत नानांनी चहा संपल्यावर सांगितली, एकेक शब्द जसाच्या तसा. सुषमाचं बोलणंही त्यांनी गाळलं नाही.

रात्री शोभाबाईंनी ताट वाढलं, तर नाना घास हातात धरून बसलेले.

"मंग, तोंड कसाले पाडेल शे?"

"माझा निरोप उशिरा पोचला नाही कधी," नाना म्हणाले.

"बठ्ठास्ले ठाऊक शे. जेवा आते."

त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच होतं. चौकीवर निरोप उशिरा पोचला तर माणसं मरतात, लवकर पोचला तर काही बिघडत नाही, हा हिशेब त्यांनी जन्मभर धरला होता. इथं लवकर पोचलेल्या निरोपानं काम बिघडवलं होतं. पण हे शोभाबाईंना सांगायचं तर फार सांगावं लागलं असतं. ते जेवले.

पुढच्या बैठकीच्या रविवारी सुभेदार, निंबाबाबू आणि नाना आठ वाजता लारीवर पोचले. रिक्षानं येणाऱ्या सभासदांना नानांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की आज रिक्षा येणार नाही, काय ठरेल ते घरी येऊन सांगतो. लारीवर एकच बाकडं होतं, आणि त्यावर लखन, कतारगामवाला आणि दुसरे दोघं दाटीवाटीनं बसले होते. कोणाच्या अंगावर सिक्युरिटी एजन्सीचा निळा शर्ट, कोणाच्या अंगावर साधा टी-शर्ट. सुभेदार दिसताच सगळे उठले. सुभेदार बसेनात, म्हणून तेही बसेनात. चहावाला वैतागला.

"काका, बेसो ने! बधा ऊभा रेहशो तो ग्राहक क्याँ ऊभो रेहशे?"

सुभेदार बसले. बाकीच्यांनी मिळेल तिथं टेकलं. निंबाबाबूंच्या वाट्याला दुधाचा उलटा क्रेट आला. लखनबरोबर सुषमाही आली होती, मुलीला घेऊन. रस्त्यावरच्या लारीवर यायला तिला कोणाची परवानगी लागत नव्हती.

सुभेदारांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "मंडळ दिवाळीला बंद होणार. तुमच्यापैकी कोण पुढं येतं?"

कोणीच आलं नाही. कतारगामवाल्यानं चहाचा ग्लास फिरवला आणि म्हणाला, "साब, बारा तासांची ड्यूटी. त्यात अध्यक्ष वगैरे..."

"मग इथं कशाला येता?"

"इथं कोणी अध्यक्ष नाही ना," तो म्हणाला, आणि मग जीभ चावली.

लखननं सावरून घेतलं. "साब, काम करायला आमची ना नाही. पेन्शनचं आता सगळं मोबाईलवर झालंय. तुम्हाला त्यासाठी दिवस घालवावा लागतो, आम्ही इथं चहा पिता पिता करतो. एखादा गेला तर खांदा द्यायलाही आम्ही येऊ, तुम्हाला आता जमतही नाही. पण ती खोली नको. वर चढलं की पुन्हा कोण आधी, कोण मागं, कोण कुठल्या खुर्चीवर. सतरा वर्षं तेच केलं. इथं खाली चालत असेल तर मंडळ चालू राहील. नाव तेच ठेवा, अध्यक्षही तुम्हीच राहा."

निंबाबाबूंचा हात कमरेच्या चावीवर गेला. "खोली सोडायची? आणि फोटो? कपाट? झेंडा? ती काय लारीवर ठेवायची?"

"खोली सोडली तर मंडळ कसलं?" सुभेदार म्हणाले. मग वळून म्हणाले, "लोटू, तू बोल. यांना शोधून तू आणलंस."

नाना उभेच होते. लखनचं म्हणणं मानलं तर पंचवीस वर्षांची खोली जाणार होती, नाही मानलं तर दिवाळीला खोली आणि मंडळ दोन्ही. त्यांनी वर पाहिलं. खोलीच्या बंद खिडकीखाली पाटी होती, तिच्यावरची मराठी अक्षरं उडालेली आणि गुजराती तेवढी शाबूत. खाली लखनची मुलगी खारी चहात बुडवत होती आणि ती तुटून पडू नये म्हणून खालून हात धरत होती.

"खोली द्यावी, साब," नाना म्हणाले.

सुभेदारांनी ग्लास खाली ठेवला. "तुला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल. पण माणसं इथं आहेत."

सुभेदारांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, हे लगेच कोणाला कळलं नाही. मग त्यांनी निंबाबाबूंपुढं हात केला. निंबाबाबूंनी चावी सोडवायला जरा वेळ घेतला. गाठ खरंच घट्ट होती.

"आणि नाना," निघताना लखन म्हणाला, "पुढच्या वेळी कोणाला फोन नका करू. येणारे येतात."

नाना बरं म्हणाले. घरी जाताना ते नेहमीपेक्षा हळू चालत होते, असं निंबाबाबूंनी नंतर सांगितलं.

कपाट कुठं न्यायचं, हा प्रश्न सुषमानं सोडवला. "आमच्याकडं आणा. पण वरच्या कप्प्यात माझ्या साड्या राहतील, आधीच सांगते." फोटो ज्याच्या त्याच्या घरी पोचते केले. ज्यांचं इथं कोणी उरलं नव्हतं त्यांचे तेवढे लखनच्या ओसरीत लागले. झेंडा आणि काठी सुभेदारांनी नाशिकला जाण्याआधी स्वतः नेऊन दिली, आणि घडी कशी घालायची ते सुषमाच्या मुलीकडून करवून घेतलं. कपाट टेम्पोतून निघालं तेव्हा नाना मागं त्याला धरून उभे होते आणि शोभाबाई पुढं ड्रायव्हरशेजारी. घर कोणाचं, बाई कशी, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

नोव्हेंबरात भागीरथीबाई हयातीच्या दाखल्यासाठी लखनकडं आल्या. एरवी त्यांना जिन्यावरून हात धरून वर न्यावं लागे. आता पलीकडच्या गल्लीतून त्या एकट्याच आल्या. नानाही आले होते, कोणी बोलावलं नसताना. करायला त्यांना काही नव्हतं. शोभाबाई आत सुषमाच्या स्वयंपाकघरात होत्या, आणि तिकडून दोघींच्या बोलण्यात अहिराणी आणि गुजरातीची मिसळ ऐकू येत होती.

सुषमा हात पुसत बाहेर आली आणि तिनं मोबाईल भागीरथीबाईंच्या चेहऱ्यासमोर धरला.

"मावशी, डोळ्यांची उघडझाप करा."

"फोटो काढतेस का? थांब, पदर तरी सारखा करू दे."

"पदर नाही, डोळे. तुम्ही जिवंत आहात हे सरकारला दिसलं पाहिजे."

"मग बोलते की मी. बोलले तर दिसणार नाही का?"

"नाही मावशी, डोळेच."

भागीरथीबाईंनी पदर सारखा केलाच, मग मोबाईलकडं डोळे वटारून पाहिलं आणि पापण्या मिटल्या, उघडल्या. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा झालं. लखन रात्रपाळी करून आत झोपला होता, म्हणून सगळे हळू आवाजात हसले. शोभाबाईंनी नानांच्या हातात चहा दिला आणि शेजारच्या खुर्चीवर टेकल्या. ओसरीत आणखी दोन बाया दाखल्यासाठी येऊन बसल्या होत्या. नाना उठले, आणि त्यांतल्या एकीला आपली खुर्ची देऊन भिंतीशी जाऊन उभे राहिले.